भाकर बरोबर होती

आमचे घरमालक कोणाकडेही गेले आणि समोर बशी आली की आधी पाकीट मागायचे. "पाकीट फेकलं तर नाई नं?" असं विचारून कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे, पाकीट उलटं करायचे आणि मागचं बारीक अक्षरांत छापलेलं सगळं मोठ्यानं वाचायचे. अख्खं, शेवटपर्यंत. "रिफाइंड व्हीट फ्लोर. म्हंजे आपला मैदा, कोट घालून आलेला. साखर. पाम तेल. इन्व्हर्ट सिरप, म्हंजे साखरेची लहान बहीण. मग हे तीन नंबरवाले. मग वासाचं. मग रंगाचं." वाचून झालं की पाकिटाची नीट घडी घालून यजमानाच्या हातात देत विचारायचे, "एवढी वरात आली, नवरदेव कुठं आहे?" यजमान ओशाळून हसायचा. हे मग शांतपणे म्हणायचे, "फुटाणे असतीन तर द्या थोडेसे."

असा माणूस कोणाला आवडू नये. पण आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत ते सगळ्यांना आवडायचे. बायका त्यांना हाका मारमारून घरात बोलवायच्या आणि मुद्दाम पाकिटातलं काहीतरी पुढे ठेवायच्या. मी बिस्किटं विकतो. एका कंपनीचा नागपूर आणि आसपासचा माल माझ्याकडे असतो, तेव्हाही होता, आजही आहे. मला बघून कोणी कधी घरात बोलावलेलं नाही.

मी त्यांचा हेवा करायचो. हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

खोल्या बघायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला नोकरी विचारली. मी सांगितली. ते बराच वेळ माझ्या पोटाकडे पाहत राहिले, मग माझ्या बायकोला म्हणाले, "खोल्या तुमच्याच, सूनबाई. पण साहेबांनी माल वर नेताना पिशवी झाकून नेत जावा. मले बीपी आहे." बायको इतकी हसली की मला राग आला. त्या दिवसापासून मी 'बिस्किटसाहेब', पुढे माझे वडील राहायला आले ते 'मालक', आणि ते स्वतः, खरे मालक असून, आमच्या घरात 'गिरणीवाले'. हे नाव वडिलांनी पाडलं. मी त्यांना काका म्हणायचो.

काका तीस वर्षं एका रोलर मिलमध्ये होते. गहू आत जातो आणि मैदा, रवा, आटा, कोंडा वेगवेगळ्या तोंडांतून बाहेर पडतात, अशी ती मोठी गिरणी. गव्हाचा कोंडा वेगळा काढतात, अंकुरही काढतात, कारण अंकुरात तेल असतं आणि तेलानं पीठ खवट होतं. काका हे सांगताना मूठ उघडून बंद करायचे. "जीव काढून घेतला का पीठ टिकते. जीव असलेलं टिकत नाई. पाय बापा, तूही टिकणार नाई, मीही टिकणार नाई. आपल्यात अंकुर आहे." सत्तरीला आलेला, दोन बंड्या आणि एक पायजमा एवढ्यावर उन्हाळा काढणारा, रोज टाकी बघायला गच्चीपर्यंत धावत चढणारा माणूस हे बोलायचा, आणि सेहेचाळीस वर्षांचा मी वीस पायऱ्यांत धापा टाकत उभा असायचो.

नुसतं शरीर असतं तर मी सोसलं असतं. त्यांची स्मरणशक्ती मला सोसायची नाही. पस्तीस वर्षांपूर्वी गिरणीत आलेल्या ट्रकांचे नंबर त्यांना पाठ होते. मी दुपारी कुठल्यातरी दुकानात सामोसा खायचो, वर पिशवीतली चार बिस्किटं, आणि मग तीन वाजता सदर भागातल्या सिग्नलवर गाडीवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. वर्षानुवर्षांच्या दुकानदारांची नावं ऐन वेळी सापडायची नाहीत. "काय भाऊ, बरं आहे नं?" असं म्हणून मी निभावून न्यायचो. सगळ्यांना भाऊ म्हणणारा माणूस किती प्रेमळ, असं लोकांना वाटायचं.

त्यांच्या व्हरांड्यात फळीवर काचेच्या बरण्या होत्या. गल्लीतली पोरं त्याला म्युझियम म्हणायची. प्रत्येक बरणीत एकच वस्तू आणि बाहेर चिठ्ठी, वस्तू कधी ठेवली त्या दिवसाची. एकीत पाव, एकीत क्रीमचं बिस्किट, एकीत शेवया. आम्ही राहायला आलो त्या दिवसाची चिठ्ठी लावलेली एक बरणी होती, तिच्यात माझ्या कंपनीचं एक बिस्किट. एकदा मी चिडून म्हणालो, "काका, बिस्किटात पाणीच नसतं, म्हणून बुरशी येत नाही. पापडालाही येत नाही. हा काही पुरावा नाही."

"मले काय माहीत नाई का गा? मी गिरणीत काय झोपा काढल्या?" ते म्हणाले. "मी कुठं म्हणतो पुरावा आहे? मी म्हणतो, पाहत राहा. रोज पाह्यलं का माणसाले आपोआप प्रश्न पडते."

मला प्रश्न पडले नाहीत. रोज सकाळी गाडी काढताना ती बरणी दिसायची आणि आपल्याला गल्लीसमोर टांगून ठेवलंय असं वाटायचं.

हे सगळं ते का करायचे, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही बायकोला, अंबाडीची भाजी निवडता निवडता. गिरणीतून कामगारांना मैदा फुकट मिळायचा. तीस वर्षं त्यांनी तो घरी नेला. काकूंच्या हातच्या शंकरपाळ्या सगळ्या मोहल्ल्यात वाखाणल्या जायच्या. मग काकूंना साखर निघाली, मग पाय गेले, मग डोळे, शेवटी त्याही गेल्या. "मैद्यानंच झालं असं मी नाई म्हणत, सूनबाई. तिच्या आईलेही होती. पण आणत तर मीच होतो नं." बायकोनं मला रात्री हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे स्वतःची चूक आता सगळ्या गल्लीवर काढतायत." बायकोनं दिवा मालवला.

माझे वडील सावनेरला शाळेत लिपिक होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले. त्यांची साखर जुनीच होती, पण त्या वर्षी वेगळंच काहीतरी सुरू झालं. गोळी घेतली की नाही ते विसरायचे. एक दिवस चौकातल्या देवळातून परत येताना रस्ता चुकले आणि दोन तासांनी एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मला हाक मारायला तोंड उघडायचे आणि नाव न सापडून "हा… हा आपला…" एवढंच म्हणायचे. घरात माझं एक लहानपणचं नाव आहे, ते फक्त तेच वापरायचे. ते नाव मी कित्येक महिने ऐकलं नव्हतं.

सदरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. म्हणाले, साखर अशी वरखाली होत राहिली की डोकंही धुक्यात जातं. ती ताब्यात आणा, धुकं किती उतरतं ते बघू. सगळं उतरेलच असं नाही. तीन महिन्यांनी परत तपासू, नाहीतर इन्सुलिन.

काकांना हे कळलं तसे ते वर आले. वडिलांसमोर मांडी घालून बसले. "मालक, तीन महिने माह्या पंगतीले या. गोळ्या डॉक्टरच्या, भाकर माही."

वडील म्हणाले, "तुमी स्वयपाक कराल?"

"गिरणीवाला आहो. पिठाची भीती नाई मले."

मी काही म्हणायच्या आधी बायको "हो" म्हणाली होती.

मग रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला वडील खाली जायला लागले. काकांच्या पंगतीचा नियम होता: आधी भाजी, मग घट्ट वरण, मग भाकर, आणि प्रत्येक घास संपल्याशिवाय बोलायचं नाही. ज्वारीची भाकर, अंबाडी, जवसाची चटणी, कधी चवळी, कधी मठ्ठा. रविवारी तर्री असायची, पण पोह्यांच्या जागी मोड आलेले चणे. जेवायच्या आधी आणि दोन तासांनी काका यंत्रावर साखर बघायचे आणि एका लांब वहीत लिहायचे. वडिलांना सुईची भीती. म्हणून टोचायच्या आधी काका नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "मालक, मुंगी येऊन राहिली हं."

वडील डोळे मिटून बोट पुढे करायचे. "येऊ द्या बापा. उपाशी असंन."

आणि दोघं हसायचे. दिवसातून चारदा, तेच वाक्य, तेच उत्तर, तेवढंच हसणं. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. चाळीस वर्षांत माझ्या वडिलांनी माझ्याबरोबर असा एकही विनोद केला नव्हता, जो दुसऱ्या दिवशी परत करता येईल.

संध्याकाळी फाटकाजवळ परीक्षा व्हायची. वडिलांना जुने पाढे येत असत, पावकी, निमकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, पूर्वी शाळेत घोकून घ्यायचे. काकांचं म्हणणं, डोकं ही गिरणीच आहे, दाणा कसा टाकता तसं पीठ. आणि औटकी म्हणजे पिठाचा नमुना. पहिल्या दिवशी वडील "बे औटं सात"च्या पुढे गेले नाहीत. पंधरा दिवसांनी चार औटं चौदा. मग एका दिवशी पाच औटं साडेसतरा, आणि शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. महिन्यानं निम्मी गल्ली फाटकाशी जमायला लागली. पोरं बोटांवर हिशेब करून तपासायची. मी गाडीवरून आलो की लोकांना "जरा बाजूला" म्हणून माझ्याच घरात शिरावं लागायचं. वडील नऊ औटंवर आलेले असायचे. ते माझ्याकडे पाहायचे नाहीत, कारण पाहिलं तर पाढा तुटला असता. हे मला तेव्हाही समजत होतं. तरी लागायचं.

आता बिस्किटांचं.

वडील आमच्याकडे आल्यापासून संध्याकाळी मी घरी पोचलो की त्यांच्या पलंगावर बसायचो आणि पिशवीतलं पाकीट उघडायचो. दुकानांतून परत आलेला, तारीख जवळ आलेला माल आम्हा सेल्सवाल्यांच्या घरीच संपतो. ते दोन बिस्किटं चहात बुडवून खायचे. बोलणं फारसं नसायचं. "काय आणलं?" "नवीन आहे, नारळाचं." "बरं आहे." बापलेकांमध्ये तेवढंच होतं, पण ते होतं. काकांनी ते बंद केलं. सहा वाजता खालून जेवून आलेल्या वडिलांना सात वाजता माझी गरज उरली नाही. परीक्षा आटोपून ते वर यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पाढा पुटपुटत पडायचे.

दीड महिना झाला असेल. कंपनीनं नवीन माल काढला होता, नाचणीचं बिस्किट, पाकिटावर हिरवं पान आणि मोठ्या अक्षरांत 'शुगर फ्री'. दिवसभर मी दुकानदारांना सांगत फिरत होतो, "डायबेटिसवाल्यांनाही चालतं, भाऊ, बिनधास्त ठेवा." त्या संध्याकाळी बायको बाजारात गेली होती. वडील एकटे होते. मी पलंगावर बसलो आणि पाकीट उघडलं. त्या कागदाचा आवाज झाला, तसे ते उठून बसले.

मी म्हणालो, "साखर नाही यात, बाबा. तुमच्यासाठीच काढलंय."

एक खाल्लं. दुसरं खाल्लं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी मला माझ्या लहानपणच्या नावानं हाक मारली. "तू काहून एवढा वाळून राहिला गा?" म्हणाले. मी नव्वद किलोचा आहे.

मला रडू आलं. खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि त्या आनंदात खालच्या माणसाला हरवल्याचा आनंद जास्त होता. मी म्हणालो, "खाली सांगू नका." ते म्हणाले, "नाई सांगत. आण उद्या."

ते नाव त्यांना बिस्किटानं आठवलं नव्हतं. दीड महिन्याच्या भाकरीनं धुकं थोडं उतरलं होतं, त्यातून ते आलं होतं. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण मी हिशेब उलटा मांडला.

आणि मला पाकिटाच्या मागचं माहीत होतं. कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. त्या बिस्किटात नाचणी चवीपुरती होती आणि बाकी मैदा, तोच कोंडा नि अंकुर काढलेला, जो पोटात गेल्यावर साखर व्हायला वेळ घेत नाही. साखर घातलेली नसणं आणि साखर न होणं यात फरक आहे, हे आम्हाला कंपनीच्या मीटिंगमध्येच सांगितलं होतं, दुकानदारानं विचारलं तर विषय कसा बदलायचा त्यासकट. मी दुकानदाराला जे सांगायचो तेच स्वतःला सांगितलं, आणि गिऱ्हाईक म्हणून मी लगेच पटलो.

दोनाची चार झाली. नाचणीचं संपलं तेव्हा क्रीमचं आणलं. खालून जेवून आले, दोन तासांची मुंगी चावून झाली, बायको स्वयंपाकघरात गेली, की मग माझी वेळ. त्यामुळे काकांना रात्रीचा आकडा बरोबर दिसायचा आणि सकाळचा चढलेला. त्यांना ते उलगडेना. आधी त्यांनी यंत्रावर संशय घेतला, स्वतःची बोटं टोचून पाहिली. मग ज्वारी बदलली. मग दळणाच्या गिरणीत स्वतः उभे राहायला लागले, आधीच्या कोणाचं गव्हाचं पीठ आपल्या दळणात येतंय का ते पाहायला. गिरणीवाल्या पोराशी भांडले. मठ्ठा बंद केला. चवळी बंद केली. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाले, "साहेब, मालक रात्री काही खातेत का गा? झोपेत उठून वगैरे?"

मी म्हणालो, "नाही हो काका. माझ्यासमोरच झोपतात."

हे मी वहीतल्यासारखं लिहून ठेवतो आहे, कारण त्यांनी विचारलं होतं. संधी मिळाली नाही असं मला म्हणता येणार नाही.

फाटकावरचा पाढा मागे यायला लागला. नऊचा सहा झाला, सहाचा चार. एका संध्याकाळी वडील "तीन औटं" म्हणून थांबले, आणि मग जमलेल्या लोकांकडे असं पाहायला लागले की हे सगळे इथे कशाला आलेत. एक पोरगं हसलं. काकांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "चूक माही आहे. मालकाची नाई. जा आता घरी." फाटक लावलं. त्यानंतर परीक्षा झाली नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आम्ही सदरला गेलो. काका आपणहून आले, धुतलेला शर्ट घालून, वही काखेत घेऊन. रिपोर्ट आधीपेक्षा वाईट होता. डॉक्टरांनी वही चाळली, चांगली ठेवलीय म्हणाले, आणि इन्सुलिन लिहून दिलं. बायको वडिलांना घेऊन सुई कशी द्यायची ते शिकायला आत गेली. बाकावर आम्ही दोघंच राहिलो. काका बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावर नख घासत होते.

"मले माफ कर गा," ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "तुह्या बापावर प्रयोग केला म्या. मले वाटलं, मले समजते. एक डाव घरी केलं, आता तुह्या घरी केलं. दुसऱ्यांदा झालं हे माह्या हातानं."

त्या क्षणी मला तोंड उघडायचं होतं. मी उघडलंही. आणि म्हणालो, "जाऊ द्या, काका. होतं असं. तुमचा हेतू चांगला होता."

मी त्यांना माफ केलं.

घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी म्युझियम उतरवलं. बरण्या घासून, उन्हात वाळवून बायकोला आणून दिल्या. "लोणचं भरा, सूनबाई." माझ्या कंपनीच्या बिस्किटाचं काय केलं, मी विचारलं नाही. पुढे गल्लीत कोणाच्या घरी बशी आली की ते मुकाट्यानं त्यातलं एक उचलून खायचे. बायका गमतीनं पाकीट पुढे करायच्या, "वाचा नं काका." ते चष्मा खाली ओढायचेच नाहीत. "जाऊ द्या वं," म्हणायचे. हळूहळू बायकांनी बोलावणं कमी केलं. आता त्यांचा हेवा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं होतं की त्यानं बरं वाटेल.

वडील त्यानंतर दोन वर्षं होते. बिस्किटांमुळे ते गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. वय होतं, हृदय थकलं होतं. मी पाकीट आणणं दवाखान्यातून आलो त्या दिवशीच बंद केलं. ते संध्याकाळी माझ्या पिशवीकडे पाहायचे. मग पाहायचंही विसरले. माझं ते नाव मी पुन्हा ऐकलं नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं ते गेल्या वर्षी. माझाच रिपोर्ट आला होता. डॉक्टर तेच, वाक्यं जवळपास तीच. घरी परतलो तेव्हा काका व्हरांड्यात रिकाम्या फळीखाली स्टुलावर बसले होते, सूपभर लाखोळीची डाळ निवडत. मी गाडी लावली आणि उभ्या उभ्या म्हणालो, "काका, बाबांना बिस्किटं मी देत होतो. रोज. तुमचं रात्रीचं टोचून झालं की."

त्यांनी हातातला खडा बाजूला टाकला. "किती?"

"आधी दोन. मग चार. मग क्रीमची."

"कवापासून?"

"दीड महिन्यापासून पुढे."

ते उठले. मला वाटलं मारतील. मला ते हवंही होतं. ते आत गेले आणि ती वही घेऊन बाहेर आले. पाच-सहा वर्षांनी चष्मा कपाळावरून खाली आला. पानं उलटत एका जागी थांबले, बोट खाली-खाली नेत आकडे वाचत गेले. सकाळचे आकडे. त्यांचा चेहरा उजळत गेला. अगदी नवीन ट्रक आल्यावर गिरणीतल्या तरुण माणसाचा होत असेल तसा. "म्हंजे यंत्र बरोबर होतं," ते म्हणाले. "ज्वारी बरोबर होती. चवळी मी उगाच बंद केली." माझं मनगट धरून हलवलं. "भाकर बरोबर होती, गा! माही भाकर बरोबर होती!"

मी मान हलवली. त्या आनंदात ते मला जवळजवळ मिठी मारणार होते.

मग हात सुटला. ते पुन्हा वहीकडे पाहायला लागले, पण आता बोट हलत नव्हतं. ते दीड महिन्याच्या आधीच्या पानावर होतं, जिथे समासात त्यांनी लिहून ठेवलं होतं: नऊ औटं.

"म्हंजे मालक सुधरले असते," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले होते, सगळं उतरेलच असं नाही. हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. तेवढं एक मी नीट केलं असेन.

ते आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी जिन्याकडे वळलो, तर आतून हाक आली, "कुठं चालला? बस तिथी." व्हरांड्यातल्या पंगतीत वडील बसायचे त्या जागेवर मी बसलो, भिंतीला टेकून, जिथे चुन्यावर त्यांच्या डोक्याचा तेलकट गोल अजून आहे. काकांनी ताट आणून ठेवलं. अंबाडी, वरण, जवसाची चटणी, एक भाकर. मग यंत्राची डबी उघडली, वहीचं कोरं पान काढून वर माझं नाव लिहिलं. खरं नाव, कागदोपत्री असतं ते.

"बोट दे," म्हणाले.

मी डोळे मिटले आणि बोट पुढे केलं. मी मुंगीची वाट पाहत होतो. उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं, वडिलांच्याच शब्दांत, मी जिन्यात उभा राहून ते पाठ केलं होतं. आणि त्या वेळी, एवढं सगळं करून झाल्यावरही, मला माझ्या मेलेल्या वडिलांचा हेवा वाटला.

काका काही बोलले नाहीत. सुई टोचली, थेंब घेतला, आकडा लिहिला.

"आधी भाजी," एवढंच म्हणाले.